अ‍ॅलेक्स स्मिथची सात वर्षे आणि नवोदित क्वार्टरबॅकचा प्रश्न

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: अमेरिकन फुटबॉलमधल्या आपल्या आवडत्या संघाने ड्राफ्टच्या, म्हणजे महाविद्यालयीन खेळाडू निवडण्याच्या वार्षिक प्रक्रियेच्या, पहिल्या फेरीत क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमण चालवणारा आणि पास टाकणारा खेळाडू, निवडला आहे, त्याला पहिल्या सामन्यापासून उतरवावे, की एखाद्या अनुभवी खेळाडूच्या मागे वर्षभर बाकावर बसवावे? पॅट्रिक मॅहोम्स वर्षभर बसला, सी. जे. स्ट्राउड पहिल्याच दिवशी उतरला आणि दोघांचेही चांगले झाले, मग यात नियम तो कोणता, असेही आपण विचारले आहे. मी एनएफएलमध्ये, म्हणजे या खेळाच्या व्यावसायिक लीगमध्ये, काम केलेले नाही. गेली एकोणीस वर्षे अमेरिकेत शालेय आणि लहान महाविद्यालयांच्या संघांत मी केवळ क्वार्टरबॅकना शिकवत आलो आहे. पातळी वेगळी असली तरी या जागेवरचा मुलगा कसा घडतो आणि कसा बिघडतो हे फार जवळून पाहिले आहे, आणि त्या अनुभवावरून माझे मत असे की जपायची असते ती त्याची नजर. ती मैदानावर दूरवर टिकून राहत असेल तर त्याला खेळवावे. ती खाली, अंगावर येणाऱ्या माणसांकडे वळू लागेल अशी परिस्थिती असेल तर त्याला थांबवावे. बाकीचा सगळा विचार यातूनच निघतो.

मॅहोम्सची गोष्ट मी त्याच्यापुढे उभ्या असलेल्या माणसापासून सुरू करतो. २०१७ मध्ये कॅन्सस सिटीत मॅहोम्स ज्याच्या मागे बसला, तो अ‍ॅलेक्स स्मिथ २००५ च्या ड्राफ्टमध्ये सर्वांत आधी निवडला गेलेला खेळाडू होता. त्याच ड्राफ्टमध्ये अ‍ॅरन रॉजर्स चोविसाव्या क्रमांकापर्यंत घसरला आणि ग्रीन बेला गेला. स्मिथ पहिल्या हंगामात एकवीस वर्षांचा होता. युटा विद्यापीठात तो मोकळ्या, पसरलेल्या रचनेच्या आक्रमणात खेळला होता, आणि व्यावसायिक खेळातली पावले, हडलमधली (खेळीआधी संघाच्या घोळक्यात बोलायची) लांबलचक भाषा, क्वार्टरबॅकच्या संरक्षणाच्या सूचना हे सारे त्याला नवीन होते. सॅन फ्रान्सिस्कोने त्याला पहिल्याच हंगामात सात सामन्यांत सुरुवातीपासून खेळवले. त्या हंगामात त्याने १६५ पास टाकले; त्यांत टचडाउन (गुण मिळवून देणारे पास) एक, इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने पकडलेले पास) ११. शिवाय चेंडू हातातून सुटण्याआधीच त्याला २९ वेळा पाडण्यात आले, म्हणजे पास टाकायला मागे सरकल्यावर साधारण दर सातव्या वेळी तो जमिनीवर होता.

त्या वर्षी स्मिथचे आक्रमण आखणारे कोऑर्डिनेटर होते माइक मॅकार्थी. हंगाम संपताच ते ग्रीन बेचे मुख्य प्रशिक्षक झाले, आणि तिथे ब्रेट फार्वच्या मागे बसलेला रॉजर्स त्यांच्या हाती आला. एकाच ड्राफ्टचे दोन क्वार्टरबॅक एकाच शिक्षकाच्या हाताखालून गेले, असा योग आमच्या व्यवसायात क्वचितच येतो. रॉजर्स तीन हंगाम बसला. कॅलिफोर्निया विद्यापीठात असताना चेंडू कानाजवळ उंच धरण्याची त्याला सवय लागली होती. ग्रीन बेमध्ये ती बदलून चेंडू खाली आणला गेला. हाताची अशी घडण बदलायला निवांत महिने लागतात, कारण सामन्यात दडपण आले की शरीर जुन्या सवयीकडे परत जाते. दर रविवारी खेळणाऱ्या मुलाला हे करून घेणे जवळजवळ अशक्य असते. २००८ मध्ये तो उतरला तेव्हा संघ ६-१० (सहा विजय, दहा पराभव) असाच राहिला, पण त्याने स्वतः चार हजारांहून अधिक यार्डांचे पास टाकले, आणि २०१० च्या हंगामात ग्रीन बेने सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला.

इकडे स्मिथच्या वाट्याला मॅकार्थींच्या नंतर नॉर्व्ह टर्नर, जिम हॉस्टलर, माइक मार्ट्झ, जिमी रे, माइक जॉन्सन असे जवळजवळ दरवर्षी नवे कोऑर्डिनेटर आले, आणि मध्ये खांद्याच्या दुखापतीने एक संपूर्ण हंगाम गेला. नवा कोऑर्डिनेटर म्हणजे नवी भाषा. त्याच खेळीला नवे नाव, त्याच संरक्षणाला नवा आकडा, आणि गेल्या वर्षी प्रतिक्षिप्तपणे सुचणारी गोष्ट पुन्हा आठवून बोलायची वेळ. २०११ मध्ये मुख्य प्रशिक्षक म्हणून जिम हार्बो आणि सात हंगामांतले सातवे कोऑर्डिनेटर म्हणून ग्रेग रोमन आले, आणि त्या वर्षी स्मिथने १७ टचडाउनमागे केवळ ५ इंटरसेप्शन देत संघाला १३-३ वर नेले. त्याचा हात आणि बुद्धी २००५ मध्येही तीच होती. म्हणून ‘रॉजर्स बसला म्हणून घडला, स्मिथ उतरला म्हणून बिघडला’ हा सोपा निष्कर्ष मला पटत नाही. रॉजर्सला बाकाबरोबर स्थैर्य मिळाले. स्मिथला दोन्हींपैकी काहीच मिळाले नाही.

आता नजरेबद्दल. एका खेळीपासून दुसऱ्या खेळीपर्यंत घड्याळ चाळीस सेकंदांचे असते. प्रशिक्षकाचा आवाज हेल्मेटमधल्या रेडिओतून येतो, आणि घड्याळात पंधरा सेकंद उरले की तो बंद होतो. त्यानंतर क्वार्टरबॅक एकटा असतो. हडलमध्ये खेळी सांगून तो रांगेपाशी येतो, बचावातले सर्वांत मागचे दोन खेळाडू, म्हणजे सेफ्टी, किती मागे उभे आहेत ते पाहतो, बचावाच्या पहिल्या रांगेमागचा मधला खेळाडू, म्हणजे लाइनबॅकर, कोण हे बोट दाखवून सांगतो, म्हणजे पुढची पाच जणांची फळी कोणी कोणाला अडवायचे हे ठरवते, आणि एखादा जास्तीचा माणूस धावून येणार असे दिसले तर संरक्षण फिरवतो. स्नॅप झाल्यावर, म्हणजे चेंडू मागे त्याच्या हाती आल्यावर, सुमारे अडीच सेकंद हातात असतात. त्या वेळात पहिला, दुसरा, तिसरा साथीदार क्रमाने पाहायचा, पावले त्या क्रमाशी जुळवायची आणि आजूबाजूची धडपड केवळ डोळ्यांच्या कडेने जाणून घ्यायची. चांगला क्वार्टरबॅक आपल्यावर येणाऱ्या माणसाकडे पाहत नाही. तो त्याला जाणवतो. ही जाणीव कमावायला वर्षे लागतात आणि ती मोडायला अर्धा हंगाम पुरतो, कारण वारंवार मार बसलेले शरीर स्वतःच्या बचावासाठी नजर खाली ओढते. एकदा नजर खाली आली की पुढे मोकळा उभा असलेला साथीदार दिसत नाही, म्हणून चेंडू हातात जास्त वेळ राहतो, म्हणून मार अधिक बसतो.

पेटन मॅनिंग आणि डेव्हिड कार यांच्या पहिल्या वर्षांची तुलना मी माझ्या विद्यार्थ्यांच्या पालकांना नेहमी सांगतो. दोघेही आपापल्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकाने निवडले गेले आणि दोघांनीही पहिल्या हंगामात सर्व सोळा सामन्यांत सुरुवात केली. १९९८ मध्ये इंडियानापोलिसकडून मॅनिंगने २८ इंटरसेप्शन दिले, जो नवोदिताचा विक्रम ठरला, आणि संघाने तेरा सामने गमावले. मात्र ५७५ पास टाकताना त्याला केवळ २२ वेळा पाडता आले. २००२ मध्ये ह्यूस्टनच्या नव्याने स्थापन झालेल्या संघात कारला ७६ वेळा पाडले गेले, तेही ४४४ पासांच्या हंगामात. डाव्या टोकाला त्याचे रक्षण करण्यासाठी संघाने टोनी बोसेली हा नावाजलेला टॅकल घेतला होता, पण खांद्याच्या दुखापतीमुळे तो ह्यूस्टनकडून एकही सामना खेळू शकला नाही. मॅनिंगच्या चुका डोक्यातल्या होत्या: पाहिले, वाचले, चुकीचे वाचले, फेकले, आणि सोमवारी चित्रफितीवर तीच चूक पुन्हा पाहिली. अशा चुकांतून माणूस शिकतो. पुढच्याच वर्षी त्याचा संघ १३-३ झाला. कारला चूक करण्याइतकाही वेळ मिळत नव्हता. २००५ मध्ये तो पुन्हा ६८ वेळा पडला, आणि ह्यूस्टन सोडल्यानंतर तो मुख्यतः राखीव खेळाडूच राहिला. काही सॅकचा (असे पाडले जाण्याचा) दोष क्वार्टरबॅकचा स्वतःचाही असतो, चेंडू लवकर न सोडल्याचा, हे मान्य करूनही एवढ्या मोठ्या आकड्यातला मोठा वाटा पुढच्या फळीचाच असतो असे मी म्हणेन.

माझ्या या मताला जो बरो हा अपवाद आहे. २०२० मध्ये सिनसिनाटीने त्याला पहिल्या दिवसापासून खेळवले. दहा सामन्यांत तो ३२ वेळा पडला आणि शेवटी गुडघ्याचा अस्थिबंध तुटून त्याचा हंगाम संपला. तरी दुसऱ्या वर्षी, त्याच पद्धतीने मार खात, त्याने संघाला सुपर बोलपर्यंत नेले, आणि त्याची नजर कधी खाली आलेली मी पाहिली नाही. पण बरोचा बाक आधीच झाला होता: ओहायो स्टेटमध्ये तीन वर्षे तो राखीव होता, आणि लुइझियाना स्टेटमध्ये दोन पूर्ण हंगाम खेळून मगच तो लीगमध्ये आला. बाकावरची वर्षे कोणत्या गणवेशात घालवली याला महत्त्व नाही.

बाकावर नेमके काय शिकायला मिळते, याबद्दल चाहत्यांच्या मनात फार आदर्श चित्र असते. प्रत्यक्षात आठवड्यातला पहिल्या फळीबरोबरचा, म्हणजे मुख्य खेळाडूंबरोबरचा, जवळजवळ सगळा सराव सुरुवात करणाऱ्या क्वार्टरबॅकला मिळतो. खेळाडूंच्या संघटनेशी झालेल्या करारानुसार नियमित हंगामात पॅड बांधून केलेले सराव केवळ चौदा असतात. राखीव मुलगा बहुतेक वेळ स्काउट टीममध्ये काढतो. म्हणजे पुढच्या प्रतिस्पर्ध्याच्या खेळी एका पुठ्ठ्यावर काढलेल्या असतात आणि त्या पाहून तो आपल्याच बचाव फळीसमोर त्या खेळून दाखवतो. यात हात चालू राहतो, पण स्वतःच्या प्लेबुकची भाषा, स्वतःच्या सेंटरशी (चेंडू मागे देणाऱ्या खेळाडूशी) होणारे बोलणे, स्वतःच्या साथीदारांच्या पावलांचा अंदाज यांतले फारसे काही पक्के होत नाही. ट्रे लान्सचे उदाहरण मला म्हणूनच हळहळ लावते. सॅन फ्रान्सिस्कोने २०२१ मध्ये तिसऱ्या क्रमांकाने त्याला घेतले तेव्हा नॉर्थ डकोटा स्टेटमध्ये त्याचा खरा हंगाम एकच झाला होता. २०२० मध्ये त्याला एकच सामना मिळाला. मग जिमी गारोपोलोच्या मागे एक वर्ष गेले, दुसऱ्या वर्षी दुसऱ्याच सामन्यात घोटा मोडला, आणि २०२३ मध्ये तो दुसऱ्या संघाला दिला गेला. दोन हंगामांत त्याने मिळून १०२ पास टाकले. ज्या मुलाला सर्वांत अधिक खेळण्याची गरज होती, त्यालाच सर्वांत कमी खेळ मिळाला.

याउलट मॅहोम्सच्या वर्षाला आकार होता. टेक्सास टेकच्या वेगवान, बिनहडलच्या पद्धतीतून आलेल्या त्या मुलाला लांब खेळी तोंडाने सांगणे, सेंटरच्या मागे जाऊन चेंडू घेणे, आठवड्याची आखणी करणे हे शिकायचे होते, आणि समोर स्मिथ होता, ज्याने हे सगळे सात वर्षांच्या धडपडीतून मिळवले होते. स्मिथने त्या वर्षी २६ टचडाउन आणि केवळ ५ इंटरसेप्शन असा आपल्या कारकिर्दीतला उत्तम हंगाम केला, म्हणजे मॅहोम्सला उत्तम काम दररोज जवळून दिसत होते. अखेरच्या आठवड्यात डेन्व्हरला एक सामना मॅहोम्सला मिळाला, आणि २०१८ मध्ये ५० टचडाउनसह तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. मात्र अँडी रीड यांच्यासारखे प्रशिक्षक, ट्रॅव्हिस केल्सी आणि टायरीक हिल यांच्यासारखे साथीदार दुसरीकडे नसतात. त्यामुळे केवळ वर्षभर बसवण्याची नक्कल करून तोच परिणाम मिळेल असे कोणी समजू नये.

माझ्या हातून झालेली एक चूक इथे सांगणे मला आवश्यक वाटते. काही वर्षांपूर्वी पंधरा वर्षांच्या एका मुलाला मी मुख्य संघात उतरवले. त्याचा हात विलक्षण होता, आणि त्या हाताच्या मोहात मी त्याचे रक्षण करणाऱ्या पुढच्या फळीतले तिघे पहिल्यांदाच खेळत आहेत याकडे दुर्लक्ष केले. सहाव्या सामन्यापर्यंत चित्रफितीत त्याच्या हेल्मेटची जाळी प्रत्येक वेळी जमिनीकडे झुकलेली दिसू लागली. पुढच्या वर्षी फळी चांगली होती, कोणी जवळही येत नव्हते, तरी तो दुसऱ्या सेकंदाला खाली पाहून पळू लागे. ती सवय सोडवायला दीड वर्ष लागले, आणि तेवढ्यात त्याची शाळा संपत आली. तेव्हापासून जो मुलगा बसलेला असतो त्याला मी सरावात आक्रमणाच्या बारा-पंधरा यार्ड मागे उभे करतो आणि स्नॅपच्या आधी बचावाची रचना मोठ्याने सांगायला लावतो, स्नॅपनंतर चेंडू कुठे जायला हवा तेही सांगायला लावतो. त्याचे उत्तर चुकले की लगेच कळते, आणि मार कोणालाच बसत नाही. बाकाचा उपयोग असा करून घ्यावा लागतो. तो आपोआप होत नाही.

महाविद्यालयात किती सामने खेळला आहे, हा आकडा मी सर्वांत आधी पाहतो. २०२४ मध्ये जेडन डॅनियल्स ५५ आणि बो निक्स ६१ सामन्यांत सुरुवात करून लीगमध्ये आले. दोघेही पहिल्या दिवसापासून खेळले, दोघांचेही संघ प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) गेले, आणि डॅनियल्सचा वॉशिंग्टन संघ १२-५ होऊन नॅशनल कॉन्फरन्सच्या (लीगच्या दोन गटांपैकी एकाच्या) अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. त्यांच्या आधीच्या वर्षी अँथनी रिचर्डसन १३ सुरुवाती घेऊन आला, इंडियानापोलिसने त्याला लगेच उतरवले, खांद्याच्या दुखापतीने चार सामन्यांतच पहिला हंगाम संपला, आणि दुसऱ्या हंगामात त्याला काही काळ बाकावर बसावे लागले. याला नियम म्हणता येत नाही. कॅम न्यूटन ऑबर्नमध्ये एकच हंगाम खेळून आला आणि २०११ मध्ये पहिल्याच वर्षी चार हजार यार्ड ओलांडून गेला. तरीही तेरा सुरुवाती आणि साठ सुरुवाती यांना एकाच मापाने मोजणे मला बेजबाबदार वाटते.

संघ घाई का करतात, त्याचे मोठे कारण पैशात आहे. २०१० मध्ये पहिल्या क्रमांकाच्या सॅम ब्रॅडफर्डला ७.८ कोटी डॉलरचा सहा वर्षांचा करार मिळाला होता. २०११ च्या नव्या वेतनरचनेनंतर त्याच क्रमांकाच्या न्यूटनचा चार वर्षांचा करार सुमारे २.२ कोटींचा झाला. म्हणजे चांगला क्वार्टरबॅक चार-पाच वर्षे स्वस्तात मिळतो, आणि वाचलेल्या पैशातून बाकी संघ उभारता येतो. त्यातले एक वर्ष बाकावर घालवणे मालकांना नुकसानीचे वाटते, आणि हरणाऱ्या प्रशिक्षकाला स्वतःची नोकरी टिकवायची असते. हे दडपण खरे आहे, पण त्याचा मुलाच्या तयारीशी काही संबंध नाही.

प्रशिक्षकांना तयारी अचूक ओळखता येते, असेही मी म्हणणार नाही. २०२० मध्ये लॉस एंजेलिस चार्जर्सना जस्टिन हर्बर्टला बसवायचेच होते. दुसऱ्या सामन्याआधी टायरॉड टेलरला बरगडीसाठी वेदनाशामक इंजेक्शन देताना त्याच्या फुप्फुसाला छिद्र पडले, आणि हर्बर्टला ऐनवेळी गतविजेत्या कॅन्सस सिटीसमोर उतरावे लागले. त्याने ३११ यार्ड टाकले आणि हंगामअखेर ३१ टचडाउनसह नवोदिताचा विक्रम केला. सरावात न दिसलेली त्याची नजर सामन्यात दिसली. म्हणून बसवण्याचा निर्णय मुदतबंद करू नये. दर दोन आठवड्यांनी तो पुन्हा तपासावा.

आपल्या संघाबद्दल विचाराल तर मी असे करीन. मुलाच्या महाविद्यालयीन सुरुवाती चाळीसच्या पुढे असतील, फळीचे पाचही खेळाडू तंदुरुस्त असतील आणि कोऑर्डिनेटर पुढच्या वर्षीही राहील अशी खात्री असेल, तर पहिल्या सामन्यापासून खेळवावे आणि इंटरसेप्शन मोजत बसू नये. यांतले एखादे कमी असेल तर अनुभवी खेळाडूला पहिले पाच-सहा सामने द्यावेत, पण रूढी मोडून पहिल्या फळीबरोबरच्या सरावाचा निदान तिसरा हिस्सा या मुलाला मिळालाच पाहिजे. तो मिळणार नसेल तर बसवण्याला अर्थ नाही. सेंटर आणि डावा टॅकल दोघेही जखमी असतील, तर गावभर ओरड झाली तरी त्याला उतरवू नये. आणि उतरवल्यावर मागे घ्यायची वेळ आलीच, तर ती कायमची शिक्षा समजू नये. ब्राइस यंग २०२३ मध्ये कॅरोलिनाकडून ६२ वेळा पडला, त्याच हंगामात मुख्य प्रशिक्षक काढले गेले, आणि २०२४ मध्ये दोनच सामन्यांनंतर त्याच्या जागी अँडी डाल्टनला आणण्यात आले. डाल्टनच्या अंगठ्याला मोटार अपघातात दुखापत झाल्यामुळे ऑक्टोबरअखेर यंग परतला, आणि तो आधीपेक्षा शांत, वर पाहणारा, चेंडू दूरवर टाकण्याचे धाडस करणारा खेळाडू दिसला. त्या पाच आठवड्यांत त्याच्या हातात काही बदलले नव्हते. मार थांबला होता.

हंगामपूर्व सामने पाहताना आपण चेंडूमागे न जाता पुनर्दर्शनात या मुलाच्या हेल्मेटकडे पाहावे. कडेने माणूस सुटून आला तेव्हा जाळी पुढेच राहिली आणि पावले केवळ अर्ध्या यार्डाने सरकली, तर तो तयार आहे, पास पडला असला तरी. जाळी खाली वळली, तर पास पकडला गेला असला तरी त्याला अजून काही आठवडे द्यावेत.